आतड्याची वाट अरुंद झालीय, फुगा घालून रुंद करू म्हणतात – क्रोन्सवाल्यांचे अनुभव हवेत

रानजाई | ३ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची वेळ आज आली.

माझा नवरा ३६ वर्षांचा. सहा वर्षांपूर्वी क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज येण्याच्या आजाराचं, निदान झालं. आधी स्टिरॉइड, मग अझाथायोप्रिन आणि गेलं दीड वर्ष दर पंधरा दिवसांनी अडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन. जुलाब थांबले, वजन भरलं, आता सुटलो असं वाटलं. पण दिवाळीनंतर वेगळंच काहीतरी सुरू झालं. जेवल्यावर तासा-दीड तासाने बेंबीच्या उजवीकडे खाली कळ येते. पोटावर एका जागी फुगवटा उठतो, हाताला कडक लागतो. थोड्या वेळाने आत काहीतरी सरकतं, तुंबलेल्या नळातून एकदम पाणी सुटावं तसा आवाज होतो आणि कळ ओसरते. तो आवाज मला शेजारच्या खोलीत ऐकू येतो.

तो हळूहळू जेवणच कमी करत गेला. डबा रिकामा घरी यायचा म्हणून मला कळलं नाही. पुढे समजलं, तो डबा ऑफिसातल्या मुलाला देऊन टाकायचा, कारण दुपारी कळ आली तर मीटिंगमध्ये बसवत नसे. एप्रिलमध्ये एका लग्नात मटकीची उसळ आणि भाजलेलं कणीस खाल्लं. रात्रभर उलट्या. सकाळी दवाखान्यात नाकातून नळी घातली, दोन दिवस सलाईनवर होता.

मग एमआर एंटेरोग्राफी, म्हणजे आतड्याचा एमआरआय, झाली. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे ३ सेंमी लांबीचा भाग आवळलाय. त्याच्या मागचं आतडं साडेतीन सेंमीपर्यंत फुगलंय. पू नाही, फिस्टुला (आतड्यातून बाहेर फुटलेली वाट) नाही. डॉक्टर म्हणतात, कोलोनोस्कोपीच्या दुर्बिणीतून बलून घालून डायलेटेशन करू, म्हणजे वाट ताणून रुंद करू. सासूबाई म्हणतात, एकदाच कापून टाका आणि मोकळे व्हा. दीर म्हणतो, फुगा म्हणजे तात्पुरती मलमपट्टी. नवरा काहीच म्हणत नाही, तेच मला जास्त लागतं.

ज्यांनी करून घेतलंय त्यांनी लिहा. दुखतं का? किती दिवस टिकतं? फाटायची भीती किती?

दगडफूल | ३ जून, रात्री ११:१५

अनुभव नाही, पण एक गोष्ट आधी. उलट्या चालू, पोट टणक आणि गॅसही सरत नाही असं झालं तर सकाळची वाट बघू नका. माझ्या काकांच्या बाबतीत घरच्यांनी 'ॲसिडिटी आहे' म्हणून रात्र काढली होती, ते फार महागात पडलं. बाकी जाणकार लिहितीलच.

भीमाकाठ | ४ जून, सकाळी ७:०५

रानजाई ताई, पोटातला तो आवाज मी चार वर्षं ऐकलाय, त्यामुळे तुमचं एकेक वाक्य अंगावर आलं.

एक विचारतो. तुमच्याकडे क्रोन्सच आहे हे पक्कं झालंय ना? आपल्याकडे आतड्याचा टीबी अगदी ह्याच जागी बसतो, असाच आतडं आवळतो, स्कोपमध्ये व्रणही बरेचसे सारखे दिसतात. माझ्या बायोप्सीत, म्हणजे आतड्याचा कण काढून केलेल्या तपासणीत, दोन्हींपैकी काहीच ठाम सांगता येईना. म्हणून आधी टीबीची औषधं सुरू केली. दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी केली, व्रण जसेच्या तसे. टीबी असता तर तोवर ते भरत आले असते. तेव्हा कुठे क्रोन्स म्हणून उपचार बदलले. उलटं झालं असतं, म्हणजे टीबी असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड आणि इंजेक्शनं दिली असती, तर टीबी अंगभर पसरायची भीती होती. त्या दोन महिन्यांत मी फार चिडलो होतो. आज त्या डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटतात.

बलून माझा दोनदा झालाय. दुखत नाही, झोपवून करतात. पहिला चौदा महिने टिकला. दुसऱ्याला येत्या गणपतीत दोन वर्षं होतील.

रानजाई | ४ जून, सकाळी ९:३०

भीमाकाठ दादा, हो, अडॅलिम्युमॅबच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी झाली होती. सहा वर्षांपूर्वीच्या बायोप्सीचा अहवालही आज फाइलमधून काढून वाचला. चौदा महिने हा आकडा वाचून बरं वाटलं आणि पोटात गोळाही आला.

वडाची पारंबी | ४ जून, दुपारी १:२०

आमच्याकडे पोट साफ होत नसेल तर रात्री कोमट पाण्यातून दोन चमचे ईसबगोल देतात. नैसर्गिक आहे, अपाय नाही. करून बघा.

चाफेकळी | ४ जून, दुपारी १:५०

पारंबी काकू, तुम्ही आपुलकीने सांगताय हे कळतं, पण कृपा करून हे इथे कुणी करू नका. ईसबगोल पाण्यात फुगतो, म्हणून तर बद्धकोष्ठाला चालतो. इथे पुढची वाट पेन्सिलीएवढी असते. त्यात फुगलेला लगदा अडकला तर थेट इमर्जन्सी. कोंडा आणि अळशीचंही तेच. अशा दुखण्यावर मनाने ब्रुफेन, डायक्लोफेनॅक घेणंही टाळा, त्याने क्रोन्स चाळवू शकतो.

मी एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे, अकरा वर्षं. रात्री ड्यूटी संपली की सविस्तर लिहिते.

वडाची पारंबी | ४ जून, दुपारी २:१०

हे मला खरंच माहीत नव्हतं. रानजाई, माझा सल्ला मागे घेते. ह्यांना बरं वाटू दे.

चाफेकळी | ४ जून, रात्री ११:५५

आत काय होतं हे नातेवाइकांना कधी दिसत नाही. दाराबाहेर बसून त्यांच्या मनात येऊ नये ते येतं. म्हणून मला दिसतं तसं लिहिते.

बलून म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाढदिवसाचा फुगा येतो. पाकिटातून काढतो तेव्हा तो बॉलपेनच्या रिफिलएवढा बारीक असतो, लांब नळीच्या टोकाला घट्ट गुंडाळलेला. स्कोपला आतून एक बोगदा असतो, त्यातून तो सरकवायचा असतो, म्हणून इतका बारीक. फुगला की पाचेक सेंमी लांबीचा गुळगुळीत दंडगोल होतो. पाकिटावर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ १२, १३.५ आणि १५ मिमी, आणि प्रत्येकासमोर किती दाब द्यायचा ते छापलेलं असतं. एकच बलून दाब वाढवत नेला की ह्या तीन पायऱ्या चढतो.

पेशंट गाढ झोपेत, भूलतज्ज्ञ उशाशी. आतडं फुगवायला साध्या हवेऐवजी बहुतेक ठिकाणी आता कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो शरीर पटकन शोषून घेतं, नंतर पोट तडतडत नाही. डॉक्टर आवळलेल्या जागेपर्यंत स्कोप नेतात. आधी एक मऊ तार पलीकडे जाते, मग तिच्यावरून बलून, असा की त्याचं पोट बरोबर अरुंद जागेत बसेल. मग माझं काम. माझ्या हातात जाड सिरिंज असते, तिला दाब दाखवणारा घड्याळासारखा काटा. आत पाणी भरायचं, हवा नाही. दांडा फिरवत जायचा आणि काटा मोठ्याने वाचायचा. "तीन." थांबायचं. एक मिनिट भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर. "साडेचार." पुन्हा मिनिटभर. "आठ."

पडद्यावर फुग्याच्या पारदर्शक भिंतीतून आतडं दिसत असतं. आवळलेली कडा आधी पांढरीफटक पडते, बोट घट्ट दाबल्यावर नख पडतं तशी. फुग्याला मध्ये कंबर असते. दाब वाढतो तशी ती कंबर हळूहळू भरत जाते आणि एका क्षणी नाहीशी होते. माझ्या हातातल्या दांड्यालाही ते जाणवतं, विरोध एकदम सैल पडतो. पाणी काढून बलून मागे घेतला की तिथे एक-दोन बारीक चिरा आणि रक्ताची पुसट रेघ दिसते. ती दिसायलाच हवी. जागा सुटली, ह्याची ती खूण.

मग खोलीतले सगळे ज्याची वाट बघतात ते होतं. मघाशी अडलेला स्कोप पुढे जातो आणि लहान आतडं उघडतं. आत्तापर्यंत कधी न दिसलेला भाग दिसतो, कधीकधी तिथे साचलेल्या बिया, सालं, एकदा तर अख्खी गोळी निघाली होती.

फाटण्याबद्दल खोटा धीर देणार नाही. अकरा वर्षांत माझ्यासमोर दोनदा झालं, दोन्ही पेशंट त्याच दिवशी ऑपरेशन होऊन पुढे बरे होऊन घरी गेले. म्हणूनच हे काम सर्जन हाकेच्या अंतरावर असतो तिथेच करून घ्यावं. तुमच्या ठिकाणी तशी सोय आहे का, हे सरळ विचारा. कोणी राग मानणार नाही.

भीमाकाठ | ५ जून, सकाळी ६:५०

सिस्टर, दोनदा त्या टेबलावर झोपलो, पण माझ्याच पोटात काय झालं हे आज कळलं. मनापासून धन्यवाद.

कोकणकडा | ५ जून, रात्री ९:१५

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. पेशंट न तपासता सल्ला देणार नाही, पण निर्णय कोणत्या गोष्टींवर ठरतो ते सांगतो.

क्रोन्सची सूज आतड्याच्या फक्त अस्तराला नसते, भिंतीच्या सगळ्या थरांतून आरपार असते. सूज येते, औषधाने उतरते, पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी जखम भरताना मागे व्रणाचा कडक धागा राहतो. स्नायूचा थरही जाड होत जातो. वर्षानुवर्षं हे चाललं की वाट अरुंद होते. लहान आतड्यातला ऐवज पातळ असतो, त्यामुळे वाट बरीच अरुंद होईपर्यंत पेशंटला पत्ता लागत नाही. जुलाब थांबले म्हणजे आजार थांबला असं नसतं, ते ह्यामुळेच.

आता मुद्दा असा की आवळलेल्या भागात सूज किती आणि कडक व्रण किती. बहुतेकांत दोन्हींची सरमिसळ असते. सूज औषधाने उतरते, व्रण औषधाने विरघळत नाही. बलून व्रणावर काम करतो. म्हणून 'बलून की औषध' असा प्रश्नच नाही. बलूनने वाट उघडते, औषध ती पुन्हा मिटू नये म्हणून झगडतं. बलूननंतर बरं वाटलं म्हणून इंजेक्शनं बंद करणारे पेशंट दर वर्षी बघतो, आणि ते बघून जिवाला लागतं.

लांबी सगळ्यात महत्त्वाची. साधारण ५ सेंमीच्या आतला, सरळ, एकटा आवळ असेल तर बलून चांगला चालतो. लांबी वाढते तशी पुढे ऑपरेशन लागायची शक्यता वाढते. आतडं तिथे वाकलेलं असेल, शेजारी पू साठलेला असेल किंवा तिथूनच फिस्टुला निघत असेल तर बलून करत नाहीत. आवळ मोठ्या आतड्यात असेल तर आधी बायोप्सी घ्यावीच लागते, तिथे कर्करोग दडलेला असू शकतो. रानजाई, तुम्ही लिहिलेला अहवाल बलूनला अनुकूल आहे, एवढं म्हणता येईल.

आकडे. २०१७ साली १,४६३ पेशंट आणि ३,२१३ डायलेटेशनची माहिती एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. बलूनने जागा रुंद करण्यात ८९ टक्के वेळा यश आलं, सुमारे ८१ टक्के पेशंटना त्रासात आराम पडला. मोठी गुंतागुंत, म्हणजे आतडं फाटणं, जास्त रक्तस्राव वगैरे, दर १०० डायलेटेशनमागे तीनपेक्षा कमी. दोन वर्षांत सुमारे ७३ टक्क्यांना पुन्हा बलून लागला आणि सुमारे ४३ टक्क्यांना ऑपरेशन.

शेवटचे दोन आकडे वाचून तुमचे दीर म्हणतील, बघा, मलमपट्टीच. मी त्याकडे असं बघतो. क्रोन्समध्ये कापून काढलेलं आतडं परत येत नाही, आणि ऑपरेशननंतरही आजार बहुधा जोडाच्या जागीच डोकं वर काढतो. ३६ व्या वर्षी आतड्याची प्रत्येक वीत मोलाची आहे. पुन्हा बलून लागला म्हणजे पहिला फसला असं नाही. दात साफ करून घेतो तेव्हा पुन्हा यावं लागणार हे ठाऊक असतंच की.

निवडुंग | ५ जून, रात्री १०:००

डॉक्टर, हृदयात घालतात तसा स्टेंट का बसवत नाहीत इथे? एकदाच काम.

कोकणकडा | ५ जून, रात्री १०:३५

चांगला प्रश्न. स्पेनमध्ये नेमकं हेच तपासलं, २०२२ मध्ये निष्कर्ष आले. ८० पेशंट, निम्म्यांना बलून, निम्म्यांना धातूचा काढता येणारा स्टेंट. एका वर्षात पुन्हा काही करावं लागलं नाही असे बलूनवाल्यांत ८० टक्के, स्टेंटवाल्यांत ५१ टक्के. आतडं सतत हलत असतं, स्टेंट जागेवरून सरकतो. थोडा लांब आवळ असेल तर काही जण अजून विचार करतात, पण पहिली निवड बलूनच. एंडोस्कोपीतूनच बारीक सुरीने व्रण कापायचीही पद्धत आहे. तिच्यात फाटण्यापेक्षा रक्तस्रावाची काळजी जास्त, आणि ती फार सरावलेल्या हातांचं काम आहे.

घाटवाट | ६ जून, सकाळी ८:४०

दुसरी बाजूही इथे असू द्या.

माझा आवळ ७ सेंमी होता. ऑपरेशन नको, नको म्हणत मीच हट्टाने तीनदा बलून करून घेतला. दर वेळी दोन-तीन महिने बरे जायचे, पुन्हा तेच. वजन ४९ किलोवर आलं. शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, लहान आतड्याचं टोक आणि त्याला लागून असलेला मोठ्या आतड्याचा भाग काढला. सहाव्या दिवशी घरी आलो आणि आठव्या दिवशी आईच्या हातचा वरणभात पोटभर खाल्ला. पोटभर! दीड वर्षाने. आई ताटासमोरून उठलीच नाही. आता वर्षातून बी-१२ तपासतो, कारण ते शोषणारा भाग गेला, आणि ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ठरल्याप्रमाणे कोलोनोस्कोपी करून जोड बघितला.

माझं म्हणणं एवढंच की ऑपरेशन म्हणजे हार नव्हे. ३ सेंमीला मी बलूनच सांगेन. ७ सेंमीला मला कोणीतरी ठामपणे थांबवायला हवं होतं.

सुईदोरा | ६ जून, दुपारी ३:१०

घाटवाट यांच्याशी पूर्ण सहमत. मी सर्जन आहे आणि पेशंट माझ्याकडे फार उशिरा, फार खंगून येतात. कुपोषित शरीरात घातलेला टाका धरत नाही हो. बलून चालत नाही हे दिसलं की वजन उतरायच्या आत पाठवा.

आणखी एक गोष्ट, सांगताना मला अभिमान वाटतो. ऑपरेशन म्हणजे कापून फेकणंच असं नाही. आवळलेल्या जागी आतड्याला उभा छेद द्यायचा आणि तो आडवा शिवायचा. लांबी थोडी घटते, वाट रुंद होते, आतडं काढावं लागत नाही. ह्याला स्ट्रिक्चरोप्लास्टी म्हणतात. क्रोन्समध्ये ही पद्धत रूढ केली ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली यांनी, १९८२ च्या त्यांच्या लेखाने. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९७७ मध्ये, कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात टीबीने आवळलेल्या आतड्यांवर हेच करून ब्रिटिश नियतकालिकात छापलं होतं. टीबीने आपल्याला बरंच छळलं, पण जगभरच्या क्रोन्सच्या पेशंटांना उपयोगी पडलेला हा धडा इथल्या टीबीच्या पेशंटांवरून मिळालाय.

यारातीर | ७ जून, पहाटे ५:२०

मेलबर्नहून लिहितेय. मला क्रोन्स आहे, आवळही आहे, आणि बलून अजून लागलेला नाही. इथल्याच एका रुग्णालयात आवळ असलेल्या ७७ पेशंटांवर अभ्यास झाला, २०२२ साली आला. अडॅलिम्युमॅब नेहमीच्या मात्रेत दिलं तरी वर्षभरात ६४ टक्क्यांचा त्रास कमी झाला, आणि वाढीव मात्रेत व सोबत दुसरं औषध दिलं त्या गटात ७९ टक्क्यांचा. म्हणजे 'आवळ आहे, आता औषधाचा काय उपयोग' हे जुनं मत मागे पडतंय. रानजाई, नवऱ्याच्या रक्तात औषधाची पातळी पुरेशी आहे का, आणि औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्यात का, हे तपासता येतं. विचारून बघ.

रानजाई | ७ जून, रात्री ९:००

तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलंय ते मी काल नवऱ्याला वाचून दाखवलं. सिस्टरचा प्रतिसाद त्याने माझ्या हातातून फोन घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाला, "करूया." सासूबाईंना घाटवाट दादांचा आणि डॉक्टरांचा, दोन्ही वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "तीनच सेंमी आहे ना? मग आधी फुगा."

१८ तारीख मिळालीय. सर्जन त्याच इमारतीत आहेत, विचारून घेतलं. औषधाच्या पातळीची तपासणीही पाठवलीय.

तोवर काय खायला घालू? डॉक्टरांनी 'चोथा कमी' एवढंच सांगितलंय.

भीमाकाठ | ७ जून, रात्री ९:४०

हा माझा प्रांत!

सालं, बिया आणि दोरे, ह्या तिघांपासून लांब. शेवग्याच्या शेंगा, गवार, कणीस, मटकी, हरभरे, पेरू, टोमॅटोची साल, कच्ची काकडी, कोथिंबिरीचे देठ, सुकं खोबरं, लाह्या, शेंगदाणे सगळं बंद. संत्र्या-मोसंबीचा रस गाळून, फोडी नको, त्यांचा पापुद्रा जसाच्या तसा पुढे जातो. पिठलं थोडं, लसूण घालून पातळ.

चालतं ते म्हणजे मऊ भात आणि तूप, मुगाच्या सोललेल्या डाळीची खिचडी, गाळलेलं सार, दुधी आणि लाल भोपळा साल काढून घोटलेला, बटाटा, तांदळाची मऊ भाकरी दुधात कुस्करून, अंडं, वाफवलेला मासा काटे बघून, पिकलेलं केळं, ताक. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा वेळा वाटी-वाटी. आणि चावणं. माझ्या आजीच्या शब्दांत, घास बत्तीस वेळा. दातांनी केलेलं काम आतड्याला करावं लागत नाही.

चाफेकळी | ७ जून, रात्री ११:३०

उत्तम यादी. पोट साफ करायच्या औषधाबद्दल सांगते. आवळ असेल तर ते पाणी घटाघट प्यायचं नाही. आदल्या संध्याकाळी निम्मं, पहाटे निम्मं, मधल्या वेळेत फिरायचं. पोट फुगून दुखायला लागलं किंवा उलटी झाली तर थांबून डॉक्टरांना फोन. आधीचे तीन दिवस फक्त पातळ आणि मऊ खाल्लं की हे सोपं जातं.

रानजाई | १९ जून, सकाळी ११:१०

झालं.

परवाची रात्र कठीण होती. चौथ्या ग्लासाला पोट नगाऱ्यासारखं झालं. फोन केला, तास-दीड तास थांबा म्हणाले. दोघं गच्चीवर फेऱ्या मारत बसलो. अकराला आवाज झाला, तोच नेहमीचा, आणि सुटलं. पहाटेचं निम्मं मग नीट गेलं.

काल साडेनऊला आत नेलं. मी बाहेर बसून मनात मोजत होते, तीन, साडेचार, आठ. सिस्टर, तुमच्यामुळे माझ्या भीतीला काहीतरी करायला मिळालं. पाऊण तासाने डॉक्टरांनी आत बोलावून फोटो दाखवले. पहिल्यात गुलाबी भिंतीत काळं टिंब, सहा-सात मिलिमीटर असेल म्हणाले. शेवटच्यात तीच जागा, बाजूला लाल चीर, आणि पलीकडे लहान आतडं. १५ मिमीपर्यंत नेलं, एका बैठकीत जास्त ताणायचं नाही म्हणाले. पुढे काही आठवड्यांनी १८ करायचं का ते त्रास बघून ठरवतील. पलीकडच्या भागात थोडे व्रण दिसले, म्हणजे सूज अजून आहे. औषधाची पातळीही कमी निघाली, त्यामुळे इंजेक्शन आता दर आठवड्याला. यारातीर, हे तुझ्यामुळे.

चार तास झोपवून ठेवलं, पोटाचा एक्स-रे काढला, मग पेज दिली. थोडं मुरडा आल्यासारखं दुखत होतं, रात्री थांबलं. ताप, न थांबणारं दुखणं किंवा रक्त पडलं तर लगेच परत या, असं कागदावर लिहून दिलंय. तो कागद फ्रीजवर लावलाय.

दगडफूल | १९ जून, सकाळी ११:२५

डोळ्यांत पाणी आलं वाचून. काळजी घ्या दोघं.

घाटवाट | १९ जून, दुपारी १२:००

फार छान. वजन दर रविवारी एकाच वेळी, एकाच काट्यावर लिहून ठेवा. माझ्या बाबतीत कळ यायच्या आधी वजन बोलायचं.

रानजाई | २४ ऑगस्ट, रात्री १०:०५

तीन महिने होत आले म्हणून कळवते. जुलैच्या अखेरीस दुसऱ्यांदा १८ मिमीपर्यंत केलं. वजन चार किलो वाढलंय. तो आवाज ऐकून दीड महिना झाला. डबा आता खरोखर रिकामा येतो. परवा विचारून खात्री केली, तर म्हणाला उलट शेजाऱ्याच्या डब्यातली बटाट्याची भाजीही खाल्ली. पुढची एमआर डिसेंबरात.

केतकीबन | २५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

काल रात्री हा धागा सापडला, एका दमात वाचला. माझ्या धाकट्या बहिणीला हेच झालंय, २३ वर्षांची आहे. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. तिच्या अहवालात 'आतडं अरुंद' एवढंच लिहिलंय, लांबी कुठेच नाही. घरात सगळे रडतायत. काय करू?

रानजाई | २५ ऑगस्ट, सकाळी ८:४०

केतकी, एमआर जिथे काढली तिथे आज दहा वाजता फोन कर. लांबी किती सेंमी, आवळ एक आहे की अनेक, मागचं आतडं किती फुगलंय, आणि शेजारी पू किंवा फिस्टुला आहे का, एवढं अहवालात लिहून द्या म्हणावं. देतात. सीडी आणि जुनी बायोप्सी सोबत ने. आणि तोवर ईसबगोल नाही, कणीस नाही. नंबर संदेशातून पाठव, मी संध्याकाळी सातनंतर मोकळी असते.